दारातलं पाणी आणि दोन वाक्यांची प्रार्थना

जालन्यात आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात त्याहून उशिरा. तरी अनोळखी माणूस दारात आला की आतून तांब्या-पेला येतोच. पहिल्या वर्षी मी संकोचानं "नको, पाणी राहू द्या" म्हणायचे. एका आजींनी तांब्याचा काठ पदरानं पुसता पुसता मला सुनावलं, "पाण्याला नाही म्हणू नये बाई. पाणी बी नको, तर मग आलात कशाला?" तेव्हापासून मी पाणी घेते. लागेल तेवढंच पेल्यात ओतते, सांडू देत नाही, आणि मग बोलायला लागते. प्रभू येशूनंही विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे आधी पाणीच मागितलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात तो सगळा संवाद आहे. थकलेला, तहानलेला वाटसरू म्हणून तो तिच्याशी बोलायला लागला.

वस्तीत घरोघर जाऊन लोकांसाठी प्रार्थना करावी, कुणी विचारलं तर आपल्या विश्वासाविषयी सांगावं, असं ज्यांच्या मनात आहे पण सुरुवात कशी करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी आमच्या महिला मंडळातल्या दोघींबरोबर गेली नऊ वर्षं हे करते आहे. यात चुका पुष्कळ झाल्या. त्यांतली एक पुढे सांगणारच आहे.

आधी महिनाभर नुसतं चाला

पहिल्या महिन्यात कुणाचंही दार वाजवू नका. आपल्या घरापासून किंवा चर्चपासून चालत पोहोचता येईल अशी एखादी गल्ली, नगर किंवा तांडा निवडा. वीस ते पंचवीस घरं पुरेत. मोठा भाग घेतला की एकेका घरी वर्षातून एकदाच जाणं होतं, आणि वर्षातून एकदा येणाऱ्याला कुणी मनातलं सांगत नाही.

आठवड्यातून दोनदा त्या गल्लीतून सावकाश चाला. ओठ न हलवता, मनातल्या मनात प्रार्थना करा. बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलं होतं की ज्या नगरात तुम्ही राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. ते नगर त्यांचं नव्हतं, त्यांना तिथे ओढून नेलं होतं. आपली गल्ली तर आपलीच आहे.

चालताना डोळे उघडे ठेवा. कोणत्या घराला कुलूप आहे? आमच्याकडे दसऱ्यानंतर कुलूप लागलं आणि ओट्यावर एकटी म्हातारी दिसली, तर बहुतेक ते घर ऊसतोडीला गेलेलं असतं, उन्हाळा लागल्यावरच परत येणार. बीड, जालन्याच्या कितीतरी गावांत निम्मी गल्ली अशी रिकामी होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि लेकरांकडे त्या चार-पाच महिन्यांत फारसं कुणी फिरकत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

कोण जायचं, कधी जायचं

दोघं किंवा तिघं, त्याहून जास्त नकोत. पाच जण दारात उभे राहिले की मोर्चा वाटतो. तिघांत एक तरी बाई हवीच, कारण दुपारनंतर दार उघडणारी बहुतेक वेळा बाईच असते. घरात ती एकटी असेल तर पुरुषांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, बोलणं ओट्यावरच करायचं. घरात फक्त लहान मुलं असतील तर "आई आल्यावर येतो" म्हणून पुढे जायचं. मुलांशी धर्माचं बोलणं नाही, प्रार्थना नाही, खाऊ नाही. यात कसलीही सवलत घेऊ नका.

एक जण त्याच वस्तीतला असला तर उत्तम. कपडे रोजचे, पायात चप्पल, हातात काही नाही. पहिल्या वर्षी आम्ही वही आणि पेन घेऊन जायचो. लोकांना वाटायचं रेशनकार्डाचा सर्व्हे आला, नाहीतर मतदारयादीवाल्या बाई आल्या. एका काकांनी तर घरातली सगळी आधारकार्डं आणून समोर ठेवली. त्या दिवसापासून वही घरीच राहते.

वेळ रविवारी साडेचार ते साडेसहा. दिवेलागणीच्या आत निघायचं, कारण तेव्हा लोक आपापल्या देवापुढे दिवा लावत असतात, घरात स्वयंपाकाची घाई असते. नळ येण्याच्या दिवशी जाऊच नका, बायकांना मान वर करायला फुरसत नसते. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. कापूस वेचणीच्या हंगामात दिवसा घरी कुणी सापडत नाही. गणपती, नवरात्र, एकादशी, रमजानचे दिवस, १४ एप्रिल, ज्या घरी जो सण असेल त्या दिवशी तिथे प्रार्थनेच्या कामानं जायचं नाही. सण हा त्यांचा वेळ आहे.

कायदा काय म्हणतो

हे प्रत्येकानं नीट समजून घ्यावं. राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या श्रद्धेची तत्त्वं दुसऱ्याला सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १९६ समाजासमाजांत तेढ वाढवण्याविषयी आहे आणि कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याविषयी.

म्हणजे दारात उभं राहून शेजाऱ्याशी बोलता येतं. आमिष, धमकी, फसवणूक आणि दुसऱ्याच्या देवाची निंदा या गोष्टी कायद्यालाही चालत नाहीत आणि ख्रिस्ताच्या शिकवणीलाही. मांडव घालायचा किंवा लाउडस्पीकर लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. शहरात जमावबंदीचा आदेश असेल तर त्या आठवड्यात घरीच बसून प्रार्थना करा. राज्याचे कायदे बदलत असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाबरोबर तासभर बसा. चर्चच्या पाळकसाहेबांनाही बरोबर न्या. गावात जाणार असाल तर सरपंचांना आणि पोलीसपाटलांना आधी भेटून कोण आहोत, कशासाठी येतो हे सांगा. लपून केलेल्या कामाचा संशय येतोच, आणि तो संशय नंतर वस्तीतल्या गरीब ख्रिस्ती घरांवर येऊन आदळतो.

दारात काय बोलायचं

कडी एकदाच वाजवायची. दार उघडल्यावर दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं. मग पहिल्या दोन वाक्यांत सगळं खरं सांगून टाकायचं:

"नमस्कार मावशी. आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या चर्चमधून आलोय. या भागातल्या घरांसाठी दर आठवड्याला प्रार्थना करतो. तुमच्या घरासाठी काही मागणं असलं तर सांगा, नसलं तरी काही हरकत नाही."

चर्च हा शब्द पहिल्याच वाक्यात आला पाहिजे. काही मंडळी "आम्ही शांतीसाठी काम करतो" असं गोलगोल बोलून घरात शिरतात आणि चहा झाल्यावर मग येशूचं नाव काढतात. मला हे पटत नाही. ज्याचं नाव सांगायला आपल्याला अवघड वाटतं, त्याच्याविषयी दुसऱ्याला काय सांगणार?

"नको" म्हणाल्या तर "बरं मावशी, येतो" म्हणायचं आणि हसून निघायचं. दारावर काही चिकटवायचं नाही, फटीतून पत्रक सरकवायचं नाही. पुन्हा विचारायचंच असेल तर सहा महिन्यांनी. तोवर गल्लीत भेटल्या की नमस्कार करायचा. "इकडं येऊ नका" असं स्पष्ट सांगितलं तर कधीच विचारायचं नाही.

बहुतेक घरं मात्र बोलतात. "लेकराला नोकरी लागंना." "सोयाबीनला भाव न्हाई." "मालकाचं गुडघं लई दुखतंय." अशा वेळी एक मोह होतो. ऐकता ऐकताच आपण उत्तर जुळवायला लागतो, एखादं वचन आठवतो. तो आवरा. बार्तीमय आंधळा आहे हे समोर दिसत असूनही येशूनं त्याला विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळलंच आहे असं धरून चालू नये. गुडघ्याचं दुखणं सांगणाऱ्या बाईच्या मनात मुंबईला गेलेला आणि दोन महिने फोन न केलेला मुलगा असतो. गप्प बसलो तर तीच पाच मिनिटांनी त्याच्यावर येते.

प्रार्थना कशी करायची

ऐकून झालं की विचारायचं, "आम्ही येशू ख्रिस्ताच्या नावानं प्रार्थना करतो. आत्ता इथं एक मिनिट केली तर चालेल, का घरी जाऊन करू?" हे दोन पर्याय मोलाचे आहेत. घरात सासूबाई असतील, शेजारी बघत असतील, तर तिला "घरी करा" म्हणता आलं पाहिजे. तसं म्हणाली तर घरी करा, आणि खरंच करा.

"इथंच करा" म्हणाल्या तर तिच्याच शब्दांत, तिलाही कळेल अशा मराठीत, मिनिटभराच्या आत करा. आपल्या उपासनेत रुळलेले शब्द, रक्तानं धुणं, सैतानाला बांधणं, अभिषेक, हे परक्या कानांना भीतिदायक वाटतात. मी साधारण अशी प्रार्थना करते:

"हे प्रभू येशू, या मावशींचा मुलगा लांब आहे. त्याला सुखरूप ठेव. त्याला आईची आठवण येऊ दे, त्याचा फोन येऊ दे. मावशींच्या गुडघ्याला आराम दे, त्यांना रात्री शांत झोप लागू दे. या घरात शांती असू दे. तुझ्या नावानं मागतो. आमेन."

बस. आवाज बोलण्याचाच, चढवायचा नाही. डोक्यावर हात ठेवायचा नाही. आपण हात जोडायचे, त्यांनी डोळे उघडे ठेवले तरी ठीक. तेल नाही, पाणी नाही. आमच्याकडे हमखास विचारतात, "पाणी मंतरून देता का? ताईत हाय का?" त्यावर मऊपणानं पण स्पष्ट सांगायचं: "नाही मावशी, आमच्याकडं तसलं काही नसतं. आम्ही फक्त मागतो. देणारा देव आहे." गुण येईलच असा शब्द कधीही देऊ नका. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणं आणि त्यावर पैसे मिळवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हे चूकच असतं. बरं नाही झालं तर त्या बाईला वाटणार की आपलीच श्रद्धा कमी पडली. आधीच वाकलेल्या पाठीवर आपण आणखी एक गोणी ठेवल्यासारखं होतं ते.

पैसे, धान्य, शाळेची फी, नोकरी यांचं नाव प्रार्थनेच्या भेटीत काढायचं नाही. १८७६ ते ७८ च्या आणि पुढे छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात मिशनांनी हजारो जीव जगवले, अनाथ मुलं सांभाळली. तेव्हापासून "भाकरीसाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणा आपल्या आजा-पणज्यांनी ऐकला आहे. घरात खरीच चूल पेटत नसेल तर मदत जरूर करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या हातून, आणि गल्लीतल्या कुणालाही कराल तशीच.

वही घरी, आणि नावं कुणालाही नाहीत

आता ती चूक. तिसऱ्या वर्षी एका आईनं मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं रडत रडत सांगितलं. मी घरी येऊन तो विषय चर्चमधल्या मंडळीच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, घराच्या खुणेसकट. माझा हेतू इतकाच होता की सगळ्यांनी प्रार्थना करावी. तो मेसेज कुणीतरी पुढे पाठवला, आणि चार दिवसांत फिरून फिरून त्याच गल्लीत पोहोचला. पुढच्या रविवारी त्या आईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता लावून घेतलं. मी पत्र लिहून माफी मागितली. ते दार अजून बंद आहे, आणि तिचं काहीच चुकलेलं नाही.

म्हणून आता वही एकच. घरी परतल्यावर लिहायची, त्यात फक्त तारीख आणि चार शब्द: "दक्षिणेकडचं तिसरं घर, मुलाचा फोन." वही कपाटात. मंडळीत सांगायचंच झालं तर "एका आईसाठी" एवढंच. फोटो नाही, व्हिडिओ नाही, फेसबुकवर तर मुळीच नाही. कुणी आपल्या दुःखात हात जोडून बसलेला असताना त्याच्यावर कॅमेरा धरणं मला सहन होत नाही, ते कितीही चांगल्या हेतूनं असो.

पंधरा दिवसांनी परत जा आणि तेच विचारा: "मावशी, मुलाचा फोन आला का?" घरोघरच्या या कामात मला सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर हा प्रश्न. आपण लक्षात ठेवलं हे त्यांना कळतं. फोन आला नसेल तर पुन्हा प्रार्थना करा. कारणं देत बसू नका.

जिथे प्रार्थनेबरोबर आणखी काही करायलाच हवं

ताप तीन दिवसांहून जुना असेल, छातीत दुखत असेल, बाळंतीण फिकट पडली असेल तर प्रार्थना रिक्षात करा. १०८ ला फोन लावा, सरकारी दवाखान्यात किंवा संभाजीनगरला घाटी या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायला मदत करा. चालू औषध बंद करा असं तुमच्यातल्या कुणी एकदा जरी म्हटलं तर त्याला पुन्हा बरोबर नेऊ नका.

मराठवाड्यात कर्ज आणि नापिकीनं माणसं आतून खचतात. एखादा शेतकरी "आता काय उरलं", "माझ्यामागं पोरांचं बघा" अशी निरवानिरव करायला लागला तर ते हलक्यात घेऊ नका. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात. मारहाण दिसली तर बाईंना १८१ चा नंबर द्या, लेकराचा छळ दिसला तर १०९८ ला तुम्हीच फोन करा. गुप्तता पाळायची हे वर सांगितलं, पण लेकराच्या जिवापुढे ती लागू नाही.

कुणी येशूविषयी विचारलं तर

कधी तिसऱ्या भेटीत, कधी तीन वर्षांनी कुणीतरी विचारतं: "तुम्ही हे का करता? तुमचा येशू म्हणजे नेमका कोण?" तेव्हा लाजू नका. पेत्रानं लिहून ठेवलंय की आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असावं, आणि ते सौम्यपणे द्यावं. आपली साक्ष पाच मिनिटांत सांगा: मी कशी होते, ख्रिस्त मला कसा भेटला, आज माझ्या घरात काय बदललं. जे बदललं नाही तेही सांगा. घरी आरशासमोर दोन-तीनदा बोलून बघा. तुलना करू नका. वारकरी घरात विठ्ठलाविषयी, बौद्ध घरात बाबासाहेबांविषयी, मुसलमान घरात पैगंबरांविषयी आपल्या तोंडून उणा शब्द जाता कामा नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामांवरचं प्रेम त्यांनी शेवटपर्यंत जपलं आणि ख्रिस्ताचं गुणगान अभंगात आणि कीर्तनात केलं. त्याआधी आमच्या जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी काम केलं, शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. ही याच मातीतली, मराठीत विचार करणारी माणसं होती. आपला विश्वास सांगायला परकी भाषा लागत नाही.

वाचायला मागितलं तर मार्क किंवा लूकचं छोटं शुभवर्तमान द्या, घरच्यांच्या समोर. कुणी पुढे जाऊन बाप्तिस्म्याविषयी बोललं तर घाई नको. तो माणूस अठरा वर्षांच्या वरचा हवा, स्वतःच्या मनानं आलेला हवा, घरच्यांशी बोललेला हवा, आणि पाळकांबरोबर कित्येक महिने शिकलेला हवा. कायद्यानं त्या वेळी जे काही करणं लागत असेल ते वकिलाला विचारून रीतसर करा. आणखी एक गोष्ट त्याला तोंडावर सांगितलीच पाहिजे: १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती जातात. मुलांच्या शिक्षणावर, नोकरीवर याचा परिणाम होतो. हे लपवून कुणाला पुढे नेणं ही फसवणूक आहे.

कुणी अडवलं तर

कोपऱ्यावर चार पोरं येऊन विचारतील, "धर्मांतर करता काय?" आपलं नाव, चर्चचं नाव सांगा, "प्रार्थना करतो, कुणी नको म्हटलं की जातो" एवढं बोला. वाद नको, उलट व्हिडिओ काढणं नको. "निघा" म्हणाले तर त्या दिवशी निघा. अंगावर आले तर ११२ लावा. नंतर पाळकांना आणि वकिलांना सांगा. ज्या घरी बसला होता त्या घराला त्रास झाला का, हे दोन दिवसांनी फोनवर विचारा.

नाताळचं ताट

दिवाळीत त्या पंचवीस घरांतल्या निम्म्यांकडून आम्हाला फराळ येतो. नाताळात आम्ही करंज्या, शंकरपाळी आणि केकचा तुकडा घेऊन सगळ्यांकडे जातो, नको म्हणालेल्यांकडेही. ज्यांनी येऊच नका म्हणून सांगितलंय ती दोन घरं आणि ते बंद दार तेवढं सोडतो. त्या दिवशी प्रार्थनेचं विचारायचं नाही, येशूच्या जन्माची गोष्टही कुणी काढली तरच सांगायची. ताट द्यायचं, चहा प्यायचा, यायचं. आमच्याकडे शेजारचं ताट कुणी रिकामं परत करत नाही. दोन दिवसांनी ते येतं, धुतलेलं, वर मूठभर साखर किंवा शेंगदाणे ठेवलेलं. ताट घेऊन आलेल्या पोरीला आत बोलवा, आणि तिला आधी पाणी द्या.